लांब नंबराच्या कामावर माझी देखरेख

१४ जून २०१०, सोमवार
माझा पोरगा हिरालाल, त्याला राईस मिलमधून नवीन वर्षाची डायरी मिळाली होती. सहा महिने तिच्यावर गरम भगोनं ठेवत होतो. आजपासून ती मी चालवणार. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगीन आणि सून शामकला लिहील. ही डायरी कोणी वाचायची नाही. शामकला लिहिते, पण लिहिणं वेगळं आणि वाचणं वेगळं.
निश्चय दोन. एक, दाताला घासायची तंबाखू, गुडाखू, बंद. दात उरले चार, त्यांना रोज घासायचं कायले? दुसरा, नात रंजिताच्या कामात बोलायचं नाही. नुसती देखरेख.
आजचा गुडाखू सकाळीच झाला होता. म्हणून उद्यापासून.

१५ जून
रंजिताचं काम मला पूर्ण समजलं आहे. ते असं. एका कॉम्प्युटरमधली पेटी दुसऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर दिसते, जशी काही ती घरातच ठेवली आहे. उघडा, आत ठेवा, बाहेर काढा. पेटी खरी तिकडे, भास इकडे. हा प्रोग्राम जगभरचे लोक मिळून फुकटात बनवतात. फुकट का, असं मी विचारलं. रंजिता म्हणाली, आजी, तू पण तर शेजारच्या शांतीबाईच्या पोरीच्या लग्नात फुकट पापड लाटले. ते वेगळं, असं मी म्हटलं. काय वेगळं ते तेव्हा आठवलं नाही.
आता अडचण. दर कॉम्प्युटरला नंबर असतो, त्यावरून तो ओळखू येतो. जगातले जुने नंबर संपत आले. आता नवीन नंबर निघाले, ते फार लांब. आणि या प्रोग्राममध्ये जिथे जिथे नंबर ठेवायची जागा आहे ती जुन्या नंबराच्या मापाची. पोतं मोठं, दार लहान. एक दार रुंद केलं की आतलं दुसरं अडते. रंजिता असे सगळे दरवाजे शोधून रुंद करून राहिली. जुने नंबरही चालले पाहिजेत, नवीनही. एका घरात सासू आणि सून. मी म्हटलं, हे जमणं कठीण आहे. शामकला नुसती लिहून राहिली.

१६ जून
गुडाखू: डबी संपवून मग बंद. अन्न असो की गुडाखू, फेकणं चांगलं नाही.

२१ जून
हिरालालने अट घातली. माझाच पोरगा, पण अट घालताना बापावर जातो. म्हणे, इंजिनिअरिंग होऊन वर्ष झालं, पोट्टी गावात, मुर्रीतच, बसून राहिली, लोक विचारून राहिले. दिवाळीपर्यंत बघतो. तिकडच्या लोकांनी हिचं काम प्रोग्राममध्ये घेतलं तर ठीक. रंजिता म्हणते एकदा घेतलं की ते लोक पुढे पगाराचं कामही देतात, घरी बसून करता येते. नाही घेतलं तर पुण्याला मावशीकडे जायचं आणि नोकरी पाहायची.
मी हिरालालला सांगितलं, पोरगी कुठे जात नाही. काम होते. मी आहे ना.
हिरालालने विचारलं, तू काय करशील? मी उत्तर दिलं नाही. पोराच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसलं तर तो शेफारतो.

३० जून
काम घ्यायचं की नाही ते ठरवणारा एक गोरा माणूस आहे. त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी त्याला मालगुजार म्हणते. आपल्याकडे तलाव ज्याचा, पाणी त्याच्या मर्जीने सुटायचं, तसंच हे.
शांतीबाई आली होती. शेजारीण आहे, पण जीभ माहेरची, तिरोड्याची. म्हणाली, पोट्टी दिवसभर डब्बा पाहून राहिली, अन् भागीरथाबाई, तुमी मनता काम करून राहिली! मी म्हटलं, तुझा पोरगा हिमांशु दिवसभर मोटारसायकल पुसतो, तेव्हा तू त्याला ड्रायव्हर मनतेच ना. चहा न घेता गेली. चांगलंच झालं, दूध कमी होतं.

८ जुलै, दुपार, लाईट नाही
मालगुजाराने काम परत पाठवलं. म्हणे एवढं मोठं गाठोडं एकदम नको, लहान लहान भाग करून पाठव, म्हणजे एकेक बघता येईल. मी सकाळी अगदी हेच बोलले होते. बोलले होते मेथीच्या जुडीबद्दल, पण गोष्ट एकच.
मी रंजिताला समजावलं, आपण धानाचे परे रोवतो तेव्हा सगळी पेंडी एका जागी खुपसत नाही. दोन-दोन, तीन-तीन काड्या. ती म्हणाली, आजी, भाग कालच केले, पाठवून झाले. तरी बरं झालं मी सांगितलं. कालच्याला पक्कं झालं.

२३ जुलै
झड लागली. ऊन नाही. बोदलकश्याच्या तलावाकडून माझ्या भावाने झिंगे पाठवले, ते ओलसर होते. रंजिताने एका खोलीत एक कॉम्प्युटर आणि ओसरीत दुसरा ठेवून मध्ये वायर टाकली आहे. ओसरीतला चांगला गरम राहतो. मी त्यावर फडकं टाकून झिंगे वाळत घातले. फुकट जाणारी ऊब.

२५ जुलै
कालपासून पेटी इकडून तिकडे दिसत नाही. रंजिताने जेवण सोडून सगळे दरवाजे पुन्हा मोजले. म्हणे माझंच काही चुकलं. मी म्हटलं मालगुजाराची नजर लागली. नजर वगैरे मी मानत नाही, आमच्या घरात छप्पन सालीच, दीक्षेबरोबर, ते बंद झालं. नुसतं बोलले.

२६ जुलै
चूक सापडली. प्रोग्राममध्ये नव्हती. उंदराने वायर कुरतडली होती, कपाटामागे. एवढ्या घरात उंदीर नेमका ओसरीत, कॉम्प्युटरपाशी कायले आला, ते कोणाला समजलं नाही. मीही पुष्कळ विचार केला, मलाही समजलं नाही.
झिंगे वाळले. रात्री वांग्यात टाकले. चांगले झाले होते.

११ ऑगस्ट
मालगुजाराने पुन्हा दोष काढले. ओळींच्या शेवटी रिकामी जागा सुटली आहे म्हणे. लिहिलेल्यात दोष काढणारे मी पुष्कळ पाहिले. न लिहिलेल्यात काढणारा हा पहिला.
रंजिता रडली नाही, पण नाक लाल होतं. मी तिला सांगितलं, असा माणूस वरून कडक, आतून मऊ राहते. तुझे आजोबा तसेच होते. (शामकला, हे लिहू नको. ते आतूनही कडकच होते.)

२८ ऑगस्ट
झालं! घरातल्या घरात झालं. खोलीतली पेटी ओसरीत दिसली, लांब नंबराने. रंजिताने मला खुर्चीवर बसवून दाखवलं. पेटीत माझा फोटो होता, तांदूळ पाखडतानाचा. तोंड वाकडं आलं आहे. पण लांब नंबराने आलं.
मग तिने मुद्दाम वायर काढली, मला गंमत दाखवायला. सगळं जागच्या जागी थांबलं. बटण दाबा, काही नाही. मी म्हटलं बिघडलं. ती म्हणाली, नाही आजी, याचा स्वभावच असा. पलीकडून उत्तर आलं नाही तर हा सोडून देत नाही. त्याला वाटते तिकडे लाईट गेली असेल, येईल. तोपर्यंत बसून राहतो, पुन्हा पुन्हा हाक मारतो, दुसरं काही करत नाही. वायर लावली की जिथे थांबला तिथून पुढे सुरू.
मी स्पष्ट सांगितलं, हा मूर्खपणा आहे. दोन हाका माराव्या आणि आपल्या कामाला लागावं. मी जन्मात कोणासाठी बसून राहिली नाही. आजोबा नागपूरला जायचे, गाडी चुकायची. मी वेळेवर जेवून, भांडी घासून मोकळी. हे दुरुस्त कर, असं मी रंजिताला सांगितलं. ती म्हणाली, हे दुरुस्त करायचं नसते, हे ठेवायचं असते.

९ सप्टेंबर, तान्हा पोळा
गल्लीतले पोट्टे लाकडी बैल घेऊन फिरून राहिले आणि आमच्या घरात वाद.
मालगुजार म्हणतो, घरातल्या दोन खोल्यांतलं आम्ही धरत नाही. खऱ्या दूरच्या लाईनवर चालवून दाखवा. आणि गोंदियाच्या लाईनवर लांब नंबर मिळतच नाही. पुढच्या महिन्यात बंगलोरला या लोकांचा मेळावा आहे. तिथे सगळे आपापले कॉम्प्युटर घेऊन एका हॉलमध्ये बसतात, लांब नंबराची लाईन असते, एकमेकांचं काम तपासतात. मालगुजारही येणार.
रंजिता म्हणाली, मी जात नाही. तिला चार माणसांत बोलायची लाज, लिहून कितीही बोलते. हिरालाल म्हणाला, एकटी पोरगी एवढ्या दूर, सवालच नाही. शामकला स्वयंपाकघरातून म्हणाली, जाऊ द्या ना, पण ते फक्त मला ऐकू आलं.
मी म्हटलं, जायचं. तीस वर्षं मी रोवणाऱ्या बायांची टोळी चालवली. पाऊस लागायच्या आधी टोळीवालीने मालकाच्या अंगणात जाऊन तोंड दाखवायचं राहते. चार गोष्टी बोलायच्या, पाणी प्यायचं, यायचं. जी तोंड दाखवत नाही तिला बांधी, म्हणजे रोवायचं शेत, मिळत नाही, तिचा हात कितीही चालो. आणि जी दाखवते ती काम पक्कं करून घरी येते आणि आरामात बसते. हे जगात सगळीकडे सारखं आहे.

१० सप्टेंबर
हिरालाल ऐकत नाही. मी जेवण सोडलं.
संध्याकाळ: हिरालाल हो म्हणाला. जेवले. मधे मुरमुरे खाल्ले होते, पण मुरमुऱ्यांना कोणी जेवण म्हणत नाही.

१८ ऑक्टोबर
रंजिता गेली, तिच्या कॉलेजच्या रश्मीसोबत. दहा-बारा दिवसांत परत. स्टेशनवर मी तिला पुन्हा शिकवलं: मान वर, आवाज मोठा, आणि मालगुजार काही बोलला तर आधी हसायचं, मग उत्तर. चिन्नोर तांदळाची एक थैली दिली त्याच्यासाठी. रंजिता म्हणाली, आजी, तिकडे असं नसते. मी म्हटलं, तांदूळ सगळीकडे असते.
घरी येताना मांजर आडवी गेली. मी ते मानत नाही. पाय दुखत होता म्हणून थोडी थांबले, दोन माणसं पुढे जाऊ दिली, मग निघाले.
गुडाखू: रंजिता नाही तर कोणी टोकत नाही. म्हणून बंद करण्यात मजा नाही. ती आली की बंद.

२३ ऑक्टोबर
फोन आला. चाललं! हॉलमध्ये, लांब नंबराने, दुसऱ्या शहरातल्या मशीनवरची पेटी दिसली. तिने पन्नास माणसांसमोर उभं राहून सांगितलं, आधी कागदात पाहून, मग कागद बाजूला ठेवून. मालगुजाराने तिथेच काम प्रोग्राममध्ये घेतलं. दिवाळीच्या आधी! तांदूळ घेतला का, असं मी विचारलं. घेतला म्हणे, वास घेऊन खूप खुश झाला.
बस. बाकी सगळं काम रंजिताचं आहे, मला श्रेय नको. पण तांदूळ माझा होता.
निश्चय: शांतीबाईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल.
शांतीबाईला सांगितलं. बाकी मुर्रीला तिने सांगितलं, त्याला मी काय करू?

२९ ऑक्टोबर
रंजिता आली. दमलेली दिसते. मायलेकी स्वयंपाकघरात हळू बोलतात आणि मी गेले की भाजीवर बोलायला लागतात. प्रवासाचा थकवा.
मी कामाला लागले. आता ती कायमची घरून काम करणार तर ओसरीत कसं चालेल? धानाची कोठी मागच्या खोलीतून काढायला लावली. सुखराम मिस्त्रीला बोलावून पूर्वेची खिडकी मोठी करायला सांगितली. माझी खाट त्याच खोलीत, भिंतीला. देखरेखीला सोपं.

७ नोव्हेंबर
दिवाळी झाली. आज हिरालालने सांगितलं. मेळाव्यात एका कंपनीने रंजिताचं काम पाहिलं, तिचं बोलणं पाहिलं. नोकरी दिली. याच लांब नंबराचं काम, पगार हिरालालपेक्षा जास्त. बंगलोरला. डिसेंबरपासून.
मी म्हटलं ठीक आहे, इथून करेल.
हिरालाल म्हणाला, माय, तिथे जावं लागते.
मी म्हटलं, असं कसं? तोंड दाखवून झालं ना! बांधी देणारा मालक घर सोडायला सांगत नाही. रोवणा झाला की बाई आपल्या घरी. कोणाचा तरी समजण्यात घोळ झाला आहे. रंजिताने नीट विचारलं नसेल, लाजली असेल.
सुखरामने विचारलं, खिडकी फोडू का राहू देऊ? मी म्हटलं फोड. उजेड काही फुकट जात नाही.

८ नोव्हेंबर
शांतीबाई आली. म्हणे, काऊन वो भागीरथाबाई, तुमीच तं धाडली ना तिले?
मी धाडली नाही. मी फक्त जेवले नव्हते.

१४ नोव्हेंबर
रंजिता माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, आजी, तू नाही म्हटलं तर मी नाही जात. खरंच नाही जात. इथे राहून दुसरं काही पाहीन.
हीच वेळ होती. जूनपासून मी हेच म्हणून राहिली होते, पोरगी कुठे जात नाही. आता नुसती मान हलवायची होती.
मी म्हटलं, एवढे दरवाजे रुंद केले ते काय पोतं बाहेर ठेवायला? ती म्हणाली, म्हणजे जाऊ? मी म्हटलं, मला तांदूळ निवडायचे आहेत, डोकं खाऊ नको. तिने ते हो समजलं आणि माझ्या गळ्यात पडली. इंजिनिअर आहे, पण साधी गोष्ट समजत नाही.

५ डिसेंबर
गेली.
जायच्या आधी ओसरीतल्या कॉम्प्युटरवर पेटी लावून गेली. खरी पेटी तिच्याकडे, भास आमच्याकडे. इथली लाईन जुन्या नंबराची, तिथली नवीन, आणि मधली सोय तिनेच केली. ती तिकडे फोटो टाकेल, तो इकडे दिसेल. शामकलाला कुठे दाबायचं ते शिकवलं. मलाही शिकवलं, पण मी लक्ष दिलं नाही, मला गरज नाही.
मी स्टेशनवर गेले नाही. गुडघा. घरात सगळं ठीक आहे. लिहिताना डायरीचं पान ओलं झालं. कौल गळत असेल. पाऊस जाऊन दोन महिने झाले, पण कौलाचा काय भरवसा? शामकलाला म्हटलं डोळे पूस आणि पुढे लिही. कचरा गेला असेल.

१३ डिसेंबर
रोज फोटो येतो. खोलीचा. ताटाचा, भात अर्धा कच्चा दिसते. मालगुजारासारखाच गोरा एक साहेब, पण तो दुसरा. मी रोज दुपारी ओसरीत बसते. आठवण म्हणून नाही. काम मी बघितलं आहे, ते नीट चालते की नाही हे बघणं माझ्याकडेच येते.
मागच्या खोलीत मोठ्या खिडकीतून चांगलं ऊन येते. कोठी परत आत घेतली नाही. तिथे झिंगे वाळत घातले.

९ जानेवारी २०११
फोटो दोन दिवसांआड यायला लागला. आता नुसता रविवारी. तिला काम आहे. काम असलंच पाहिजे. मीच तर लावून दिलं.
शांतीबाईने विचारलं, येते का पोट्टी? मी सांगितलं, रोवण्याला येईल. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. दूध होतं आज, चहा दिला.

४ फेब्रुवारी
हिरालालने पेपर वाचून दाखवला. जगातल्या जुन्या नंबरांचा मोठा साठा संपला. वाटायला होते ते शेवटचे वाटून टाकले. मी जूनमध्येच सांगितलं होतं. पेपरात माझं नाव नाही.

६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी पेटी उघडायला लावली. उघडली नाही. सगळं जागच्या जागी थांबलं. शामकलाने स्क्रीनवरचं वाचून सांगितलं. पलीकडून उत्तर नाही, अजून प्रयत्न सुरू आहे.
ती म्हणाली, आई, बंद करून देऊ का, उद्या पाहू. मी म्हटलं खबरदार, हात लावू नको. तिकडे लाईट गेली असेल. बंगलोरलाही जात असेल, काय सांगावं. आली की जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होते. याचा स्वभावच असा आहे, ज्याला समजत नाही त्याने मधे बोलू नये.
संध्याकाळ झाली. अजून तेच. गुडाखू: उद्यापासून, नक्की.
शामकला म्हणून राहिली, आई, डायरी पुरे, भात थंड होऊन राहिला, चला जेवायला.
तिला म्हटलं, तू जेवून घे. माझी देखरेख चालू आहे.